दोन ऑफर लेटर आणि एक श्लोक



आजचं चिंतन : गीता, अध्याय ३, श्लोक ३५.

श्लोक सगळ्यांच्या ओळखीचा. आपला धर्म उणा असला तरी तोच बरा, दुसऱ्याचा कितीही चांगला जमला तरी नको, असं भगवंत सांगतात. नोकरीचा प्रश्न आला की आपली पिढी या श्लोकाचं एका झटक्यात भाषांतर करते, "फॉलो युअर पॅशन"! मला ते पटत नाही.

सावंगीला मेडिकलच्या आवारात जे रुग्णालय आहे, त्याचं नाव आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दरवर्षी कितीतरी मुलं-मुली तिथून प्रमाणपत्रं घेऊन बाहेर पडतात. आणि ज्यांचं नाव पाटीवर आहे, त्या विनोबांनी स्वतःची प्रमाणपत्रं आईसमोर चुलीत घातली होती. गंमतच आहे, नाही का?

२५ मार्च १९१६ ला विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले, मध्येच सुरतेला उतरले आणि काशीची गाडी पकडली. आपण ही गोष्ट ऐकतो आणि म्हणतो, काय तो आत्मविश्वास! पण नीट बघा. काय सोडायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे काय, ते नव्हतं. एकीकडे हिमालय ओढत होता, दुसरीकडे बंगालची क्रांती. गांधीजींची भेट झाली ती ७ जूनला, कोचरबच्या आश्रमात. म्हणजे मधले अडीच महिने उत्तराशिवायच गेले. वर्ध्याला तर ते आले १९२१ मध्ये. खात्री आधी आणि पाऊल नंतर, असा क्रम मला तरी तिथे दिसत नाही.

आता अडचण अशी की हेच विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना सांगतात, स्वधर्म शोधत फिरावा लागत नाही, आई जशी निवडावी लागत नाही तसा तो जन्माबरोबर आलेलाच असतो. मग घर सोडून जाणाऱ्याने हे कसं म्हणावं? मी यावर बरेच दिवस अडून होते.

त्याच प्रवचनांत त्यांनी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली आहे. शेकडो लोकांना फाशी देणारा माणूस, पण स्वतःचा मुलगा समोर उभा राहिला तेव्हा फाशी किती अमानुष आहे यावर बोलू लागला. तत्त्वज्ञान बरोबर होतं, पण ते कुठून आलं? मोहातून. अर्जुनाचंही तेच. भीक मागून जगेन म्हणाला, पण ते वैराग्य नव्हतं, युद्ध टाळायचं होतं. म्हणजे सोडणं वाईट नाही. कशापायी सोडतोय, तिथे खरी मेख आहे.

सावंगीलाच नर्सिंग करणाऱ्या एका मुलीने मला परवा विचारलं, "ताई, देवाला कुठली नोकरी आवडेल?" एक पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात, आयसीयूमध्ये, पगार चांगला. दुसरी एका खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात. तिचं मन दुसरीकडे. "तिथे समाधान वाटतं गं." घरी कापसावरचं कर्ज, भावाची फी.

माझ्या जिभेवर आलं होतं की सेवाच निवड. बोलले नाही. भावाची फी हाही स्वधर्मच आहे ना, जन्माबरोबर आलेला? पगार म्हटला की लगेच माया, असं आपण भक्त मंडळी फार पटकन ठरवतो. मी एवढंच विचारलं, "आयसीयूची भीती वाटते का तुला?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "हो. अलार्म वाजला की हात कापतात."

म्हणजे तिचं समाधान खरं असेल, किंवा न्यायाधीशाच्या भाषणासारखं असेल. खेड्यातल्या दवाखान्यातही कधी रात्री एखादा अत्यवस्थ पेशंट येणारच, आणि तिथे तर मदतीला सीनियर कुणी नसेल. हे तिला सांगितलं, पण निर्णय मी कसा देणार? तो बाहेरच्याने दिला तर ती चुकल्यावर मला बोल लावेल आणि जमल्यावर स्वतःला ओळखणार नाही.

शुक्रवारी तिला दोन्हीकडे कळवायचं आहे. तोवर तिने इन्चार्ज सिस्टरकडून आयसीयूच्या दोन रात्रपाळ्या मागून घेतल्या आहेत.