साडेसहाशे दगड

वाघोलीत केसनंद फाट्याजवळ एका भाड्याच्या खोलीत आजी आणि नातू राहत. आजीचं तरुणपण इथल्या दगडखाणींत गेलं. सुरुंगाने सुटलेला दगड हातोड्याने फोडायचा, खडी करायची आणि संध्याकाळी मुकादमापुढे हात पसरायचा. त्या खडीवर पुण्याच्या इमारती उभ्या राहिल्या. तिच्या उजव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका राहिला, उडालेल्या कपचीचा.

दिवाळीची सुटी लागली. सहावीतला नातू मामाने दिलेल्या जुन्या संगणकावर ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग खेळत होता. खेळ 1999 सालचा, म्हणजे त्याच्याहून थोरला. पडद्यावर एक गावकरी खाणीत ठोकत होता. भाकरी थापणारी आजी थबकली.

“ह्यो काय करतोय रं?”

“दगड काढतोय. साडेसहाशे झाले की किल्ला.”

“येका खेपेला किती आणतो?”

“सुरुवातीला दहा.”

“म्हंजी पासष्ट खेपा. आन् बांधतंय कोन?”

“तोच. एकट्याने बांधला तर दोनशे सेकंद.”

आजीला हसू आवरेना. मग तिने नेमका प्रश्न विचारला. “खातो काय?”

“तयार करताना पन्नास अन्न लागतं. पुढे काही नाही.”

“जलमभर न्हाई? आमचा मुकादम असलाच मानूस हुडकत हुता!”

नातू चिडला. “खेळ आहे गं आजी!”

“म्हनून तर बरा हाय. त्यानं दगड मोजला तरी. तुझ्या पुस्तकात काय लिवलंय? राजानं किल्ला बांधला. झालं!”

यावर नातवाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला वाघेश्वराच्या देवळात घेऊन गेली. मराठा सरदार पिलाजीराव जाधवरावांची समाधी याच वाघोलीत, हे नातवाला शाळेतून ठाऊक होतं आणि तो ते घडाघडा सांगत होता. आजीचं लक्ष नव्हतं. ती दगडावरून बोट फिरवत होती. “हितं टाकी सरळ चाललीया. हितं बघ, घाव उथळ. दमला आसंल, न्हाईतर हात बदलला.”

डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 या काळात शिरूर तालुक्यातलं इनामगाव खणलं, ते असंच बोटाने चाचपत. ताम्रपाषाण काळातलं पाच खोल्यांचं एक घर सापडलं. दारावर पाटी थोडीच होती! शेजारचं धान्याचं कोठार पाहून त्यांनी ते गावच्या प्रमुखाचं ठरवलं. घर कोणाचं, याचा असा माग लागतो. भिंती लिंपणारीचा लागणं अवघड.

घरी आल्यावर नातवाने दारात किल्ला करायला घेतला. विटांचे तुकडे, पोतं, वर चिखल, उतारावर अळीव पेरलेले. बाजारात महाराज मिळाले, मावळे मिळाले, तोफ, वाघ, गवळण, अगदी भाजीवालीही मिळाली. दगड फोडणारा मात्र कुठेच नव्हता. दुकानदार म्हणाला, “तो कोण घेणार?”

मग नातवाने उरलेल्या चिखलाचा एक माणूस वळला, हातात काडीचा हातोडा दिला आणि त्याला पायथ्याशी बसवलं, तोंड गडाकडे. आजी उंबऱ्यावरून पाहत होती.

“असं कुनी बसतंय व्हय? येक पाय लांब कर. दगूड पायाम्होरं ठेव. आन् मान वळीव.”

“कुठे?”

“बाजूला.”

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाड्यातली पोरं किल्ला बघायला जमली. पणतीच्या उजेडात महाराज झळकत होते, मावळे ताठ उभे होते. एका पोराची नजर पायथ्याशी गेली.

“अरे, हा महाराजांकडे बघत का नाहीये?”

नातू अळिवावर पाणी शिंपडत होता. मान वर न करता म्हणाला, “कपची उडते ना.”