खिदमत आणि मर्जी

आपल्या समाजात वृद्धाश्रम हा शब्द अजूनही हलक्या आवाजात उच्चारला जातो. अमक्याचे वडील तिथे आहेत असे कळले, की पोरांनी घराण्याची इज्जत घालवली, असा निकाल आपण हातातला चहा संपायच्या आत देऊन टाकतो. आई-बापांपुढे ‘उफ्’सुद्धा करू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो; तेव्हा हे खटकणे साहजिक आहे. पण मुले आखाती देशांत, मुली सासरी आणि शहरात दोन खोल्यांत सहा माणसे, अशी घरे आपल्यातही आहेत. म्हणून निकालाआधी थोडा विचार करू या.

आमच्या नात्यातल्या एक खाला काही काळ वृद्धाश्रमात होत्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा रमजान चालू होता. जागा स्वच्छ होती, जेवण बरे होते, कुणी वाकडे बोलत नव्हते. तरी खाला म्हणाल्या, “सगळं वेळेवर मिळतं बेटा, पण त्यांच्या वेळेवर.” प्रकृतीमुळे त्यांना रोजा धरता येत नव्हता. पण सहरीला उठून बसावे, घोटभर चहा घ्यावा, एवढेच त्यांना हवे होते. स्वयंपाकघर सहाच्या आत उघडत नाही, असे उत्तर मिळाले. आम्ही चिडून परतलो.

तो राग फार टिकला नाही, कारण आम्हाला आमची दादी आठवली. दादीला आम्ही शेवटपर्यंत घरात सांभाळले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण तिच्या कमरेच्या किल्ल्या कधी काढून घेतल्या? आज भाजी कोणती करायची, हे तिला विचारणे कधी बंद झाले? “दादी, तू बस, आम्ही करतो,” असे म्हणत आम्ही तिच्या हातातले तांदळाचे सूपही घेतले. डॉक्टर तिच्या देखत आम्हालाच विचारत, “जेवतात का नीट?” आणि उत्तरही आम्हीच देत असू. खिदमतीत कसूर नव्हती. मर्जी मात्र कुणी विचारली नाही.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासात एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, की तुमच्या गोष्टी तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोप दिले आणि त्याची निगा त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही व आनंदी दिसली. प्रयोग लहान होता, पण त्यातला प्रश्न मोठा आहे: सांभाळणे म्हणजे सगळे दुसऱ्याने करणे का?

ब्रिटनमधील टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ या पुस्तकात स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या संगोपनाचा विचार केला आहे. वृद्धाला लहान मूल समजणे, तो समोर असताना नसल्यासारखे बोलणे, त्याच्या गतीला न थांबणे, याने माणूसपण झिजते; आणि हे करणारे बहुधा वाईट हेतूचे नसतात, असे त्यांचे म्हणणे. ते वाचताना आमची मान खाली गेली.

कुणी म्हणेल, म्हातारे माणूस पडते, औषध विसरते. मर्जीवर कसे सोडायचे? शंका खरी आहे. पण ज्याने उभा जन्म स्वतःचे निर्णय घेतले, त्याचे सगळेच निर्णय एका धोक्यापोटी काढून घेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? गॅसची जबाबदारी जरूर घ्यावी. अंगावर कोणते कपडे हवेत, हे तरी त्याला ठरवू द्यावे. बोलणे आठवत नाही, तो माणूसही घास नको असला की तोंड फिरवतो. तेही एक उत्तरच आहे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची व्याख्या करताना अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा उल्लेख आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम उभारण्याची तरतूदही आहे. हे हवेच. पण कायदा छप्पर देईल, “तुम्हाला काय हवे?” हे विचारायला माणूसच लागतो, आश्रमात आणि घरातही.

खालांची गोष्ट तिथेच संपली नाही. त्या आश्रमातल्या एका मावशींना त्यांची हौस कळली. त्या जातीने मुसलमान नव्हत्या, त्यांना सहरी म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हते. त्यांनी खालांना विचारून घेतले आणि रोज रात्री थर्मासमध्ये चहा भरून उशाशी ठेवू लागल्या. स्वयंपाकघर सहालाच उघडत राहिले. कुणाचा पैसा गेला नाही, नियम मोडला नाही.

आम्ही आमच्या दादीसाठी एवढेही केले नव्हते.