शेवटच्या होडीचा मास्तर

कोकणातल्या डीएडधारकांनी ‘स्थानिकांना प्राधान्य द्या’ म्हणून आवाज उठवला की त्यांना एक ठरलेलं उत्तर ऐकवलं जातं: शिक्षक निवडायचा तो गुणवत्तेवर, रहिवासाच्या दाखल्यावर नाही. उत्तर इतकं स्वच्छ आहे की ते देणाऱ्याला कोकणातल्या शाळांत डोकावण्याची गरजच वाटत नाही. डोकावलं तर दिसतं ते असं. गुणवत्ता यादीतून लांबच्या जिल्ह्यातला उमेदवार इथं रुजू होतो, आंतरजिल्हा बदलीला पात्र होईपर्यंत वर्षं मोजतो आणि पात्र झाला की गावाकडं निघतो. यात त्याचा दोष नाही. म्हातारे आईबाप आणि घरची शेती कुणाला सुटली आहे? पण जागा रिकामी पडते आणि ती भरायला यादीत न बसलेल्या त्याच स्थानिक पोरापोरींना मानधनावर बोलावलं जातं. म्हणजे स्थानिक चालतो, फक्त स्वस्तात चालतो. 5 सप्टेंबर 2024 ला, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय सरकारनं काढला आणि काही महिन्यांत तो गुंडाळलाही. गुणवत्तेच्या कैवाऱ्यांनी त्या मधल्या काळात तरी थोडं बोलायला हवं होतं.

हा वाद पनवेलहून पाहिला तर त्याला एक भूगोल मिळतो. खाडीपलीकडं घारापुरी आहे: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन वस्त्यांची, सुमारे 1200 माणसांची ग्रामपंचायत. लेणी बघायला जग येतं आणि संध्याकाळच्या लाँचनं परत जातं. मुख्य भूमीवर राहून बेटावर शिकवणाऱ्या माणसालाही तीच होडी पकडावी लागते. खात्यानं शाळेची वेळ काहीही ठरवावी, शेवटची घंटा होडीच देते. शाळा सुटल्यावर मागं थांबलेलं पोर, अंधार पडल्यावर जाळं आवरून आलेला बाप, वाचता न येणारी आणि म्हणून दिवसा शाळेकडं न फिरकणारी आई, या सगळ्यांची वेळ होडीनंतर सुरू होते. दुसरी गोष्ट शब्दांची. किनाऱ्यावरच्या मुलाला उधाण आणि भांग यांतला फरक चालता येऊ लागल्यापासून कळतो. उधाणाला पाणी कुठवर चढतं आणि भांगाला किती मागं राहतं, यावर घरचा बाजार ठरतो. पाठ्यपुस्तकातला भरती-ओहोटीचा धडा चंद्राच्या चित्रापासून सुरू होतो. उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच का येतं, असा उलटा प्रश्न मुलाला विचारायला मास्तरला आधी उधाण हा शब्द माहीत असावा लागतो. आणि बेट व्हायला चारी बाजूंनी पाणीच लागतं असं नाही. पनवेल तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्या विमानतळाच्या तालुक्यात असूनही बेटंच आहेत. घरची बोली वेगळी, शाळेची वेगळी; आई-बाप वीटभट्टीवर गेले की पोरंही गेली.

मग स्थानिकच नेमा, असं म्हणावं तर घटना आडवी येते, आणि ती उगाच येत नाही. कलम 16 नं जन्मस्थान आणि निवास यांवरून सरकारी नोकरीत भेद करायला मनाई केली आहे. निवासाची अट घालायचीच तर ती फक्त संसदेला घालता येते. राजस्थाननं प्राथमिक शिक्षकांच्या भरतीत जिल्ह्यातल्या आणि ग्रामीण भागातल्या उमेदवारांना जादा गुण दिले होते. 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले. स्थानिक माणूस टिकतो, त्याला बोली कळते, हाच युक्तिवाद तिथंही झाला होता आणि त्याला आधार दाखवता आला नाही. आंध्र प्रदेशनं अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शिक्षकांच्या सगळ्याच जागा स्थानिक आदिवासींना राखल्या. 2020 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तेही मोडीत काढलं. महाराष्ट्रात 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रापुरती अशी वाट काढली, पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येतच नाही, तेव्हा कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीला तिचा उपयोग शून्य. हे निकाल अन्यायाचे आहेत असं म्हणण्याचा मोह होतो. पण ‘भूमिपुत्र’ हा शब्द आज शिक्षकाला लावला तर उद्या तो कुणाविरुद्ध वापरला जाईल, हे महाराष्ट्राला नव्यानं सांगायला नको. तेव्हा न्यायालयाचं म्हणणं मान्य. मात्र ते मान्य करून वाद संपत नाही, जागा बदलतो. घटनेनं बंधन घातलंय ते नेमणुकीवर. शिक्षक कुठे घडवावा, याबद्दल ती काहीच म्हणत नाही.

इथं ताराबाई मोडकांकडं जावंच लागतं. मराठीत त्यांचं स्मरण ‘बालशिक्षणाच्या प्रणेत्या’ असं हार घालून उरकलं जातं आणि त्यांनी केलेली खरी खोडी बाजूला राहते. ताराबाई स्थानिक नव्हत्या. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचं, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य, पुढं भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंच्या सहकारी. शिक्षिका घडवण्याची संस्था कशी चालते, हे त्यांना खुर्चीत बसून ठाऊक होतं. 1945 मध्ये त्या बोर्डी या खेड्यात आल्या, शिक्षिका अनुताई वाघ सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तिथून अंगणवाडी आली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं गुरांमागं रानात जातात तर शाळाही कुरणात गेली आणि तिचं नाव कुरणशाळा पडलं. माँटेसरीच्या महागड्या लाकडी साधनांच्या जागी बिया, शिंपले, माती आणि खडे आले. या सुधारणा राजकोटच्या वर्गात बसून कुणालाही सुचल्या नसत्या, खुद्द ताराबाईंनाही नाही. म्हणून सेविकांचं प्रशिक्षणही त्याच टेकडीवर व्हायला हवं होतं आणि तसंच ते झालं. आता ‘स्थानिक’वाल्यांनी, म्हणजे वरच्या पहिल्या परिच्छेदातल्या माझ्यासारख्यांनी, या उदाहरणाकडं नीट पाहावं. परक्या ठिकाणाहून आलेली बाई तिथं शिकून तिथली झाली. उलट गावातच जन्मलेला पोरगा शहरातल्या अध्यापक विद्यालयात दोन वर्षं छापील पाठटाचण लिहून परत आला, तर तो आपल्याच वाडीत उपरा होऊन येतो. दाखला त्याच्याकडे असतो, उधाण शब्द विसरलेला असतो.

आक्षेप दोन राहतात. गावचा मास्तर गावच्या राजकारणात आणि भावकीत अडकतो, हा पहिला. अडकतो, पण होडीच्या वेळेला बांधलेला मास्तर मोकळा असतो असं कोण म्हणेल? दुसरा आक्षेप जड आहे: 1200 वस्तीच्या बेटातून शिक्षक निघणार किती, आणि निघाला तर पदविका हातात येताच तो मुंबईला जाणार नाही कशावरून? जाईल, काही जातीलच. म्हणूनच रिक्त जागा मोजून प्रशिक्षण देऊ नये. बेटावरच्या बारावी झालेल्या प्रत्येकाला दार उघडं असावं आणि बाहेरून नेमलेल्यालाही पहिली काही महिन्यांची उमेदवारी तिथंच मुक्कामी करायला लावावी. महाराष्ट्राला हे अगदी नवं नाही. वस्तीशाळांवर गावातलीच तरुण मुलं आधी शिकवू लागली, त्यांची पदविका मागाहून झाली. घोटाळा झाला तो त्यांना वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर लटकत ठेवण्यात. स्कॉटलंडमध्ये हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठ ऑर्कनी-शेटलंडसारख्या बेटांवर राहूनच शिक्षक होण्याची सोय देतं. तिथल्या बेटकऱ्यांनाही राजधानीत बिऱ्हाड करणं परवडत नाही.

आपल्याकडं साधन आहे. रायगडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, पनवेलातच आहे. 1986 च्या धोरणातून अशा संस्था निघाल्या त्या जिल्ह्याचा शिक्षक जिल्ह्यात घडावा म्हणूनच. 2020 च्या धोरणानं मात्र एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. ग्रामीण मुलांना शिष्यवृत्ती आणि आपल्या भागात नोकरीचं प्राधान्य, असं ते एका कलमात म्हणतं. दुसऱ्या कलमात 2030 पर्यंत शिक्षक होण्याची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी करून सगळं प्रशिक्षण बहुविद्याशाखीय महाविद्यालयांकडं नेतं. चार वर्षं शहरात राहण्याचा खर्च कातकरी घर कुठून काढणार, हा प्रश्न उरतोच. डाएटनं आपला एक वर्ग, चार प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांची एक तुकडी वर्षातून एक सत्र घारापुरीला किंवा एखाद्या वाडीवर मुक्कामी न्यावी, एवढ्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. आणि ही वाट नवीही नाही: घारापुरीला वीज पोचायला 2018 साल उजाडलं. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकावी लागली, आणि ती पनवेल तालुक्यातल्या न्हाव्याहूनच टाकली गेली.