पडद्यावरचा हेन्री हूक

आमच्या घरात एक अलिखित कायदा आहे. चित्रपट चालू असताना आजोबांनी तोंड उघडायचे नाही. चहा हवा असेल तर खुणेने मागावा, चष्मा सापडत नसेल तर चाचपून शोधावा; पण बोलू नये. कायदा अर्थातच गृहमंत्र्यांनी केलेला. त्यामागचे कारणही त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकले. "अहो, तुमच्या शेजारी बसून सिनेमा पाहायचा म्हणजे पंगतीला बसावं आणि शेजारच्यानं दर घासाला भातातला खडा काढून दाखवावा, तसं होतं."

तक्रार खोटी नाही. मला जुन्या सरहद्दीवरच्या लढायांचे बोलपट फार आवडतात. कुठेतरी मुलुखाच्या टोकाला एक एकाकी ठाणे, त्यात मूठभर शिपाई, पलीकडे अरण्य किंवा डोंगर, आणि त्या डोंगराचे खरे धनी रात्रीच्या अंधारात जवळ येत आहेत, एवढे पडद्यावर दिसले की माझे वय साठ वर्षांनी कमी होते. आणि तितकीच आवड मला या चित्रपटांतल्या चुका वेचण्याची आहे. 'स्टेजकोच' (१९३९) हा चित्रपट घ्या. त्याची कथा १८८० ची. पण जॉन वेन हातातली जी विंचेस्टर बंदूक गरकन फिरवतो ती १८९२ च्या नमुन्याची! 'द सर्चर्स' (१९५६) ची कथा १८६८ च्या टेक्सासमध्ये सुरू होते. मागे उभे असलेले तांबडे सुळके मात्र अ‍ॅरिझोना आणि यूटा यांच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीतले. दिग्दर्शक जॉन फोर्ड याचे त्या दरीवर प्रेम होते, म्हणून टेक्सासने तेथे यावे! सिंहगडाच्या लढाईच्या मागे जैसलमेरची वाळू दिसली तर आपण काय म्हणू?

अशी एखादी चूक सापडली की मला जो आनंद होतो तो अगदी सात्त्विक नसतो, हे कबूल करतो. 'मला कळले, तुम्हांला नाही' ही फुशारकी त्यात असतेच. पण चूक कळल्याने रस नासतो, हे मात्र मला मान्य नाही. 'मानापमान' पाहणाऱ्या कोणाला भामिनीच्या शालूत बालगंधर्व आहेत हे ठाऊक नव्हते? ठाऊक होते म्हणून कोणाच्या डोळ्यांतले पाणी आटले नाही. मन एकाच वेळी दोन पाटांवर बसू शकते. एका पाटावरून ते भुलते, दुसऱ्यावरून हिशेब ठेवते. मी वर्षानुवर्षे या दोन पाटांवर सुखाने बसत आलो होतो. गेल्या दिवाळीत माझ्या दहा वर्षांच्या नातीने त्यातला एक पाट ओढून घेतला.

चित्रपट होता 'झुलू'. १९६४ सालचा. कॉलेजात असताना मुंबईच्या एका थिएटरात मी तो पहिल्यांदा पाहिला आणि पुढचे दोन खेळ उपाशीपोटी पाहिले, कारण तिकिटाला पैसे पुरले तर उसळपावाला पुरत नसत. गोष्ट खरी घडलेली आहे. जानेवारी १८७९ मध्ये इंग्रजांनी आफ्रिकेतल्या झुलू राज्यावर स्वारी केली. २२ तारखेला इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने त्यांच्या छावणीचा धुव्वा उडवला. तेराशेहून अधिक माणसे मारली. त्याच दिवशी दुपारी झुलूंची एक फौज बफेलो नदीच्या उतारावरच्या रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर चालून गेली. ठाण्यात होते सुमारे दीडशे लोक आणि त्यांतले काही तर इस्पितळातले रोगी. समोर तीन ते चार हजार. मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून शिपायांनी तट केला आणि रात्रभर तो लढवला. सतरा इंग्रज पडले. अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता खडे. चित्रपटातल्या ठाण्यामागे दिसणारा तो भव्य कातळकडा ड्रेकन्सबर्गमधला. खरे ठाणे तेथून दूर, एका साध्या टेकडीच्या पायथ्याशी. अधिकाऱ्यांच्या हातातली रिव्हॉल्व्हरे पुढच्या काळातली. मिशनरी विट पडद्यावर म्हातारा, दारुडा आणि एका तरुण मुलीचा बाप आहे. खरा विट तिशीतला, पदरी लहान मुले असलेला. आणि निर्वाणीच्या क्षणी शिपाई जे वेल्श गाणे म्हणतात, त्याचा मेळ तरी कसा बसावा? त्या पलटणीला 'साऊथ वेल्स' हे नाव १८८१ मध्ये मिळाले. लढाईच्या दिवशी ती वॉरिकशरची म्हणवली जात होती. गाणे सबंध कल्पित. तरीही झुलूंच्या ढालींवरच्या टिपेला उत्तर म्हणून ते गाणे उठते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. साठ वर्षे येतो आहे. एकच गोष्ट पडद्यावर मूळ मुद्द्याला धरून आहे, ती म्हणजे झुलू राजा सेट्श्वायो. त्याची भूमिका मँगोसुथू बुथेलेझी यांनी केली. राजा त्यांच्या आईच्या बाजूने त्यांचा पणजोबा. पुढे ते दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणातले मोठे पुढारी झाले आणि २०२३ मध्ये वारले.

तर त्या दिवशी कायदा मोडून मी नातीच्या कानात हे सगळे सांगत होतो. तीही दर खड्याला टाळी देत होती. पडद्यावर शिपाई हेन्री हूक आला. इस्पितळात लोळणारा, कामचुकार, चोर, ब्रँडीसाठी जीव टाकणारा. लढाई पेटते तेव्हा हाच उडाणटप्पू वाघासारखा लढतो. मी कुजबुजलो, "हाही खोटा बरं का. खरा हूक दारूला शिवत नसे. चांगल्या वर्तणुकीबद्दल त्याला वाढीव पगार मिळत होता. तो इस्पितळात होता तो स्वयंपाकी म्हणून."

तिने टाळी दिली नाही. म्हणाली, "आजोबा, त्याला मुलं होती?"

"मुली होत्या."

"मग त्यांनी हा सिनेमा पाहिला?"

पाहिला. १९६४ च्या पहिल्या खेळाला हूकच्या मुली, तोवर म्हाताऱ्या झालेल्या, आल्या होत्या आणि बापाचे ते सोंग पाहून उठून गेल्या, असे सांगतात. ही हकीकत मी किती बैठकींत किती खुशीत सांगितली असेल! चुकांच्या यादीतला सर्वांत चविष्ट जिन्नस म्हणून. त्या उठून गेलेल्या बायकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, असे मला कधी सुचले नव्हते.

हूक खरोखर कोण होता? ग्लॉस्टरशरचा एक साधा माणूस. इस्पितळाच्या छपराला आग लागली तेव्हा जॉन विल्यम्स नावाचा सोबती भिंतीला भगदाड पाडून एकेका रोग्याला पलीकडे ओढत होता आणि हूक दारात संगीन रोखून उभा होता. एक खोली संपली की दुसरी. पुढे पलटण सोडून तो ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या छत्र्या सांभाळी. १९०५ मध्ये वारला. अशा माणसाजवळ नावाखेरीज काय असते?

आणि ही चूक अजाणता झालेली नाही. पटकथेच्या दोन लेखकांपैकी जॉन प्रेबल हा इतिहासावर लिहिणारा माणूस. त्याच्याच लेखावरून चित्रपट निघाला. नाटकाला एक बिघडलेला आणि मग सुधारलेला शिपाई हवा होता, म्हणून तो घडवला. दुसरा लेखक आणि दिग्दर्शक साय एंडफील्ड. याची गोष्ट तर अधिकच चटका लावणारी. १९५१ मध्ये अमेरिकेत एका चौकशीत त्याचे नाव कम्युनिस्ट म्हणून घेतले गेले, हॉलिवुडची दारे बंद झाली आणि बिचारा देश सोडून इंग्लंडात आला. नाव काळे झाले म्हणजे काय होते हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

तुम्ही म्हणाल, कवीला एवढे स्वातंत्र्य नको का? हवे. आपल्याकडे तर शास्त्रानेच ते दिले आहे. 'दशरूपका'त धनंजयाने सांगून ठेवले आहे की मूळ कथेत नायकाला किंवा रसाला न शोभणारे जे असेल ते नाटककाराने टाकावे किंवा बदलावे. कालिदासाने तेच केले. महाभारतातला दुष्यंत सगळे आठवत असूनही भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली आणि राजाला त्या नीचपणातून सोडवला. इतिहास बदलला, पण माणूस वर उचलण्यासाठी. लहानपणी मला हे फार उदात्त वाटे. आता थोडी शंका येते. दुष्यंत राजा होता, म्हणून त्याच्यासाठी कवी शाप शोधत बसला. हूकसाठी कोण शोधणार? पोत्याआडच्या शिपायाला लेखणी हवी तशी वाकवते.

अर्थात उलट बाजूही आहे. 'झुलू' निघाला नसता तर पुण्याच्या एका निवृत्त मास्तराला हूकचे नाव तरी कशाला कळले असते? तो दारू पीत नसे हे मला ठाऊक आहे, याचे कारण चित्रपटाने त्याला दारू पाजली. खोट्यानेच मला खऱ्याच्या दारात नेऊन सोडले. हे त्याच्या मुलींना सांगून त्यांचे समाधान झाले असते असे मात्र वाटत नाही.

मग मी माझी जुनी यादी पुन्हा चाळू लागलो. 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१९९२) माझ्या फार आवडीचा. १७५७ मध्ये न्यूयॉर्क प्रांतातल्या लेक जॉर्जकाठच्या फोर्ट विल्यम हेन्रीला फ्रेंचांनी वेढा घातला, त्याची कथा. डोंगर नॉर्थ कॅरोलायनाचे, हा खडा मी पहिल्याच वेळी काढला होता. किल्लेदार मन्रोचे काळीज मगुवा पडद्यावर छाती फोडून काढतो. खरा मन्रो त्या वेळी वाचला आणि काही महिन्यांनी ऑल्बनीला आजाराने मेला, हा दुसरा. पण सर्वांत मोठी चूक नावातच आहे, आणि ती कूपरच्या १८२६ च्या कादंबरीपासून चालत आली आहे. मोहिकनांचा 'शेवटचा' कोणी झालाच नाही. ते लोक हडसन नदीकाठून हुसकले गेले, सरकत सरकत विस्कॉन्सिनमध्ये पोचले आणि आजही तेथे स्टॉकब्रिज-मुन्सी समाज म्हणून नांदत आहेत. जिवंत माणसांच्या तेराव्याचे जेवण मी इतकी वर्षे मिटक्या मारीत जेवत होतो! बंदुकीचे साल चुकल्याने बंदुकीचे काही बिघडत नाही. तिला मुली नसतात.

'झुलू'चा शेवट राहिला. पहाटे टेकडीवर पुन्हा हजारो झुलू उभे राहतात. आता संपले, असे वाटते. तोच ते भाले उंचावून शूर शत्रूला सलामी देतात आणि निघून जातात. चित्रपटातला हा सर्वांत सुंदर प्रसंग. माझी नात उठून उभी राहिली आणि तिनेही हात वर केला.

सलामी कोणी दिली नव्हती. झुलू दमले होते, उपाशी होते आणि समोरून इंग्रजांची कुमक येताना दिसत होती; ते परत फिरले. ती कुमक इसांडल्वानाच्या रणावर पोटे फाडलेली आपल्या सोबत्यांची प्रेते पाहून आलेली होती. त्या सकाळी तटाबाहेर पडलेल्या जखमी झुलूंना, ज्यांना उठताही येत नव्हते अशांना, ठार मारण्यात आले. पडद्यावर त्या जागी सलामी आहे.

"आजोबा, हे तरी खरं ना?" तिने विचारले. हात अजून वरच होता.

गृहमंत्र्यांनी माझ्याकडे पाहिले. चित्रपट संपला होता, म्हणजे कायदाही उठला होता.

"ते फार शूर होते," मी म्हणालो.

ती आता अकरा वर्षांची आहे. मैत्रिणी आल्या की 'झुलू' लावते आणि हूक आला की त्यांना बजावते, "हा खरा दारू नव्हता पीत हं, त्याला मुली होत्या." सलामीच्या वेळी सगळ्या उभ्या राहतात. मी त्या वेळी आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जातो.