कासवीची दृष्टी

केरीच्या वाळूवरून दक्षिणेस निघाले, की सुरूची झाडे मागे पडतात आणि जांभ्याच्या सड्यावर चढणारी पायवाट लागते. डावीकडे फाल्गुनात वाळून पिंगट झालेले गवत, उजवीकडे खाली काळ्या खडकांवर फुटणारा समुद्र, आणि मागे वळून पाहिले तर तेरेखोल नदीच्या पैलतीरावर, सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातून १७४६ साली फिरंग्यांच्या हाती गेलेला तो चिमुकला किल्ला. या वाटेने हरमलकडे जात असता कड्याच्या टोकाशी, कोकणात ज्याला काकण म्हणतात तो पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड वाऱ्यावर तोलून राहिलेला दिसला. त्याच्या पंजातला समुद्रसर्प अजून वळवळत होता. कोठेतरी उंच झाडावरच्या घरट्यात एका पिलाची भूक भागणार होती आणि त्यासाठी येथे एक प्राण जात होता. ईश्वरी कृपेविषयीच्या ज्या प्रश्नापायी मी ही वाट धरली होती, तोच त्या पंजात लोंबकळताना पाहून मी थबकलो.

साखळीच्या विठ्ठलापुरात लहानपणी ऐकलेल्या कीर्तनांत कासवीचा दृष्टान्त हटकून येई. पक्षिणी चारा आणते, गाय पान्हा सोडते. कासवी मात्र पैलतीरी राहून केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करते, आणि ईश्वराची कृपा अशीच अस्पर्श, दूरस्थ, तरीही अखंड असते, असे बुवा सांगत. आमच्या संतवाङ्मयात ही प्रतिमा इतकी मुरलेली आहे, की ती खरी की खोटी, हे विचारण्याची बुद्धी मला कधी झालीच नाही.

मग गेल्या पौषातल्या एका रात्री मोरजीच्या तेंबावर मी ती कासवी माता पाहिली. तिने मागच्या वल्ह्यांनी, आलटूनपालटून, ओंजळीने काढावी तशी वाळू काढून खड्डा केला, शंभरावर अंडी घातली, खड्डा बुजवला, आणि मग आपले सारे अंग एकदा डाव्या, एकदा उजव्या कुशीवर आपटीत ती वाळू चोपून घट्ट केली. यानंतर ती समुद्राकडे वळली, आणि तिने मागे पाहिले नाही. ती पुन्हा त्या घरट्याकडे येत नाही, हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. परंतु डोळ्यांदेखत ती लाटेत शिरली, तेव्हा बालपणापासून उराशी धरलेले काहीतरी हातातून निसटल्यासारखे झाले. गीतेतला स्थितप्रज्ञाचा कूर्मही या जातीचा नव्हे, कारण सागरी कासवाला आपले अवयव कवचात ओढून घेताच येत नाहीत.

मग दृष्टान्त टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. घरट्याची खोली, वाळूची ऊब (त्या उबेवरच नरमादीचा निर्णय होतो), ओल, भरतीरेषेपासूनचे अंतर, ही सारी तजवीज जाण्यापूर्वीच झालेली असते. आणि पुढे पाहण्याचे काम मातेचे नसून पिलाचे असते, कारण अंधारात जिकडे क्षितिज अधिक उजळ, तिकडे ते धावते. कृपा म्हणजे जवळ असणे नव्हे, हा संतांचा अर्थ येथे अधिकच कठोरपणे खरा ठरतो. मात्र हजारांतून एखादेच पिलू प्रौढ होते असे अभ्यासक सांगतात; उरलेल्यांच्या वाट्याला खेकडा, मासा, काकण येतात. तेव्हा जिला कृपा म्हणायचे, तिच्यात त्या समुद्रसर्पाचे वळवळणेही धरावे लागते, आणि ते धरताना माझी जीभ आजही अडखळते.

हरमल, मांद्रे, आश्वे मागे टाकून मोरजीस पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. त्या पौषातल्या घरट्याला पन्नासएक दिवस झाले होते. वनखात्याने घातलेल्या जाळीच्या कुंपणावर अंड्यांची संख्या आणि तारीख लिहिलेली पाटी होती. वाळू मध्यभागी किंचित खचली, एक करडे, इवलेसे डोके वर आले, आणि पाहता पाहता वाळूच जिवंत झाली. राखणीला बसलेल्या माणसाने माझ्या हातातली विजेरी विझवायला लावली, जाळी उचलली, आणि उपाहारगृहांच्या दिव्यांकडे पाठ करून तो आडवा उभा राहिला, म्हणजे तो खोटा उजेड पिलांच्या डोळ्यांत जाऊ नये. एकाही पिलाला त्याने हात लावला नाही. शेवटचे पिलू फेसात दिसेनासे झाल्यावरही, गुडघाभर पाण्यात उतरून, तो बराच वेळ तिकडेच पाहत राहिला.