ऐकणाऱ्याच्या वाटेतली काच

विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. शाळेचा अभ्यास मागे पडला आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे देशभर संगीतशिक्षणाची घडी बसवली. डोळ्यांची साथ सुटलेल्या माणसाला संगीतात कोणाच्या सवलतीची गरज पडली नाही. ऐकण्याच्या या दुनियेत तो बरोबरीचा होता.

रेडिओनेही ही बरोबरी जपली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. रेडिओची खुंटी बोटांनी फिरवायची आणि स्टेशन कानांनी पकडायचे, एवढेच काम होते. टेपरेकॉर्डरची बटणे एकदा चाचपून लक्षात ठेवली की वर्षानुवर्षे जागची हलत नसत. आता गाणी आली आहेत मोबाइलच्या गुळगुळीत काचेमागे. एका ॲपमध्ये कोट्यवधी गाणी आहेत, पण बोटाला लागेल अशी खूण एकही नाही.

तरीही दोष काचेचा नाही. २००९ पासून आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक हे स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचे बोलून दाखवणारे प्रोग्रॅम, आहेत. संगणकासाठी त्याआधीच, २००६ मध्ये, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर तयार होऊ लागला होता. बोट उजवीकडे सरकवले की पुढच्या बटणाचे नाव ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ते दाबले जाते. अंध माणसे याच पद्धतीने बँकेचे व्यवहार करतात, नोकऱ्या करतात. अट एकच आहे: ॲप लिहिणाऱ्याने प्रत्येक बटणाला नाव दिलेले असावे.

नाव दिलेले नसले तर काय होते? बोट सरकवावे तर ‘बटण’. पुन्हा सरकवावे तर पुन्हा ‘बटण’. यातले एक गाणे सुरू करते, एक आवडीत टाकते आणि एक यादीतून काढून टाकते. कोणते काय करते, ते दाबूनच कळायचे. यादीतल्या प्रत्येक गाण्यापाशी चित्र, नाव, डाउनलोड आणि तीन टिंबे असे चार थांबे असतील, तर पन्नासाव्या गाण्यापर्यंत जायला बोट दोनशेच्या घरात सरकवावे लागते. गाणे पुढेमागे करायची पट्टी नुसती रंगवलेली असेल, तर स्क्रीन रीडरच्या लेखी ती नसतेच. हे सगळे जमवून बोटांना वाट पाठ होते न होते, तोच अपडेट येतो आणि सगळे बदलून जाते.

मराठी ऐकणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. मराठी गाण्यांची नावे पुष्कळदा रोमन लिपीत भरलेली असतात. फोनमध्ये मराठी बोलणारा आवाज असूनही ‘अभंगवाणी’ इंग्रजी वळणाने वाचली जाते. शोधताना स्पेलिंगमध्ये व्ही घालावा की डब्ल्यू, तेही अंदाजानेच ठरवायचे. देवनागरीत नाव भरणे हे गाण्याचे मालकी हक्क असलेल्या कंपनीचे एका ओळीचे काम आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५ लाख ७४ हजार होती. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यातली सुगम्यतेची जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करायला सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल ओळख पडताळणीच्या, म्हणजे ई-केवायसीच्या, प्रकरणात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. हक्क मान्य झाला आहे. उरले आहे ते काम.

हे काम कसे करायचे, हे पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांना कोणी शिकवायला नको. भोसरीच्या लहानशा वर्कशॉपमध्येही गो-नो गो गेज असतो. गेजची ‘गो’ बाजू भोकात गेली आणि ‘नो गो’ बाजू अडली तर नग पास, नाहीतर रिजेक्ट. ‘पुढच्या लॉटमध्ये बघू’ असे चाकणच्या गाडी कारखान्याला सांगून चालत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र अंधांची अडचण नेहमीच पुढच्या लॉटवर ढकलली जाते, कारण तिथे ती दयेच्या खात्यात जमा असते. ती दर्जाच्या खात्यात यायला हवी. बिनानावाचे बटण म्हणजे नापास नग, मग बाकीचे ॲप कितीही देखणे असो.

या पट्ट्याला लागूनच हिंजवडी आहे आणि तिथे हजारो अभियंते सॉफ्टवेअर लिहितात. जवळच आळंदी आहे, जिथे पखवाज आणि टाळ रोज वाजतात. तिथे जागृती ही अंध मुलींची शाळा आहे, भोसरीतही अंधशाळा आहे. तपासणारे कान इतके जवळ आहेत. अंध व्यक्तींना योग्य पगारावर तपासनीस म्हणून घ्या, आणि रचना कागदावर असतानाच त्यांना विचारा. आणि तुम्ही स्वतः ॲप लिहीत असाल, तर आजच टॉकबॅक सुरू करा, स्क्रीन काळी करा आणि एक गाणे शोधून लावून पाहा. ते लागले नाही, तर तो अपडेट बाहेर सोडू नका.