वारसा कशास म्हणावे?

सिंदीच्या बाजारात कापसाची गाडी आली म्हणजे लोक पुसतात, "हा कोणाचा मुलगा?" तेव्हा बापापासून मुलाकडे येते ते काय, केवळ धन की देणेही, हा प्रश्न आमच्या मनात उभा राहतो.

वर्ध्याचे जमनालाल बजाज (1889-1942) हे सेठ बच्छराज यांचे दत्तक नातू. आजोबांनी रागाने श्रीमंतीचा बोल लाविला, तेव्हा सतरा वर्षांच्या त्या मुलाने पत्र लिहून धनावरील हक्क सोडिला. आजोबांनी त्यांस समजावून परत आणिले. पुढे त्यांनी ते धन विश्वस्ताप्रमाणे वापरिले.

सिंगापुरातील चिनी व्यापारी तान का की (1874-1961) यांच्या वडिलांची पेढी बुडाली. ते कर्ज कायद्याने त्यांजवर नव्हते. तरी 1907 च्या सुमारास त्यांनी ते फेडिले. पुढे रबराच्या व्यापारात ते मोठे झाले. 1934 साली त्यांची कंपनी बंद पडली. परंतु जावई ली कोंग चियान यांनी रबराचा स्वतंत्र धंदा वाढविला.

एकाने धन सोडिले, दुसऱ्याने ऋण पत्करिले. कोणी म्हणेल, गरिबाने बापाचे कर्ज कोठून फेडावे? खरे आहे, सावकाराच्या अन्यायी व्याजाचे ओझे लेकरांवर पडावे, हे आम्हांसही मान्य नाही. परंतु बापाने मजुराची मजुरी राखून ठेविली असेल, तर ती मुलाने द्यावी. शेत घ्यावे आणि देणे टाकावे, हा वारसा नव्हे.